रिकाम्या खिशातलं बटण

लाँड्रीवाल्याच्या मुलीचं बँकेच्या मॅनेजरशी काहीतरी आहे, अशी कुजबुज आमच्या गल्लीत एके काळी होती. तिने म्हणे त्याला बटण दिलं. फूल नाही, रुमाल नाही, बटण. त्यामुळे प्रकरण जास्तच गंभीर वाटलं. फूल काय, कुणीही देतं. मी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. ज्यांना सांगितली त्यांना ती आधीच माहीत होती.

मुलीला सगळे ‘इस्त्री’ म्हणत, कारण तिच्या बोलण्यात सुरकुती नसे. बी.कॉम. झाली होती, मार्कही चांगले होते. दुकानात बसून दिवसभर बँकवाल्यांचे कोट हँगरला लावायची. बँक आणि दुकान यांच्यामध्ये फक्त रस्ता. तिला तो ओलांडायचा होता. कोट पोचवायला नव्हे, कोट घालून.

त्यासाठी फायनान्सचं मास्टर्स करायचं ठरलं. कुठून करायचं, यावर घरात दोन पक्ष पडले. मामा काचेच्या कॉलेजच्या बाजूने. ती इमारत खालपासून वरपर्यंत काचेची होती आणि माहितीपत्रकात सगळी मुलं हसत होती. फी वाचल्यावर इस्त्रीच्या घरात कुणी हसलं नाही. दुसरं होतं सरकारी विद्यापीठ. संध्याकाळचे वर्ग, कुरकुरणारे पंखे, आणि फी इतकी कमी की मामाला तिचाच संशय यायचा.

“स्वस्तात साबण घ्यावा, शिक्षण नाही,” मामा म्हणे. मामा स्वतः स्वस्तातलंही शिकला नव्हता.

“काचेचं कॉलेज म्हणजे कपडे वाळवायचं मोठं मशीन विकावं लागेल,” लाँड्रीवाला म्हणाला.

“मग कपडे कुठे वाळवणार?” आईने विचारलं.

“दोरीवर.”

“आणि पावसाळ्यात?”

“तुझ्या भावाच्या घरी.”

मामाने विषय बदलला. पण आईचा प्रश्न वेगळाच होता. मशीन गेलं तर गेलं, पण पोरीला नोकरी लागेल हे सांगणार कोण? आणि स्वस्तातल्या पदवीला बँकेत कुणी विचारलंच नाही, तर दोन वर्षं पाण्यात.

“बँकवाल्यांनाच विचारते,” इस्त्री म्हणाली.

ती बँकेत गेली. कॅशियरने पैसे भरायचेत की काढायचेत ते विचारलं. दोन्ही नाही म्हटल्यावर त्याने तिच्या मागच्या माणसाकडे पाहिलं.

इथे लाँड्रीचा एक नियम सांगायला हवा. कपडे धुण्याआधी खिसे तपासायचे, आणि खिशातून जे निघेल ते ज्याच्या खिशातलं त्याच्याच हातात द्यायचं. फार पूर्वी लाँड्रीवाल्याने एका गिऱ्हाइकाच्या खिशातली सिनेमाची दोन तिकिटं भाबडेपणाने त्याच्या बायकोला दिली होती. ती सिनेमाला गेलेली नव्हती. त्या घरचे कपडे पुढे दोन वेगवेगळ्या पत्त्यांवरून येऊ लागले. तेव्हापासून हा नियम.

तर एका रविवारी इस्त्री मॅनेजरच्या घरी कोट घेऊन गेली. दार त्याच्या बायकोने उघडलं, हात पुढे केला.

“साहेबांनाच द्यायचंय,” इस्त्री म्हणाली. “खिशातली वस्तू आहे.”

बाई स्वयंपाकघरात गेल्या. मॅनेजर बाहेर आला. इस्त्रीने त्याच्या तळहातावर एक बटण ठेवलं. “अरे वा,” तो म्हणाला. बँकेत त्याला हीच सवय लागली होती. समोर येईल ते आधी जमा करून घ्यायचं.

“साहेब, एक विचारू? तुम्ही मास्टर्स कुठून केलंत?”

मॅनेजरने स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला. “काचेच्या कॉलेजातून.”

“फी वसूल झाली?”

“म्हणून तर मॅनेजर आहे,” तो आणखी हळू म्हणाला.

आत नळ बंद झाला. मॅनेजरीणबाईंना यातला एक शब्दही ऐकू आला नाही. त्यामुळे त्यांना सगळं समजलं. जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकू होत्याच. बाकीचं काम त्यांनी केलं.

इकडे मामा जिंकला. “मी काय सांगत होतो!” हे त्याने इतक्यांदा सांगितलं, की शेवटी लाँड्रीवाल्याने मशीनला गिऱ्हाईक बघितलं ते शांततेसाठी. आठवडाभराने, सोमवारी सकाळी टेम्पो आला. त्याच दुपारी कॉलेजात फी भरायची होती.

मी दुकानाच्या बाकावर पेपर वाचत होतो. हमालांनी मशीन उंबऱ्यापर्यंत आणलं, आणि त्याच उंबऱ्यात मॅनेजरीणबाई येऊन उभ्या राहिल्या. मूठ आवळलेली. मी उठणार होतो, पण म्हटलं, एखादा साक्षीदार असावा.

“हे बटण कुणाचं?” त्यांनी मूठ उघडली.

लाँड्रीवाल्याने ते उजेडात धरलं. “आमच्या डब्यातलं दिसतंय. तुटलेली बटणं बदलायला ठेवतो आम्ही.”

आईने इस्त्रीकडे पाहिलं.

“मी अख्खं कपाट उपसलं,” बाई म्हणाल्या. “ह्यांच्या एकाही कपड्याला असलं बटण नाही. लहान पोराच्या झबल्याचं आहे हे! आता बोल गं, माझ्या नवऱ्याशी काय कुजबुजत होतीस?”

“मी नाही कुजबुजले. तेच कुजबुजत होते. मी सरळ विचारलं, मास्टर्स कुठून केलंत.”

“मग? काय म्हणाले?”

“काचेच्या कॉलेजातून.”

 बाईंचा राग होता तेवढाच राहिला, फक्त त्याने माणूस बदलला.

“काचेच्या कॉलेजात ते एकदाच गेलेत. समोरच्या दवाखान्यात जागा नव्हती म्हणून गाडी लावायला. मास्टर्स केलंय सरकारी विद्यापीठातून, संध्याकाळच्या वर्गात. मीही त्याच वर्गात होते. माझे मार्क त्यांच्यापेक्षा जास्त आहेत, म्हणून हा विषय ते घरात काढत नाहीत.”

“म्हणजे तिथली पदवी बँकेत चालते?” इस्त्रीने विचारलं.

“अर्धी शाखा तिथलीच आहे. बँकेची परीक्षा आपण द्यायची असते गं, इमारतीने नाही.”

“मावशी,” उंबऱ्यातला हमाल आईला म्हणाला, “हे उचलायचं की ठेवायचं? हात भरून आले.”

“ठेवा,” आई म्हणाली.

“अगं, पण मी काय सांगत होतो—” मामाने सुरुवात केली.

“दादा, तू टेम्पोवाल्याला समजाव. तुला बोलायची आवड आहे.”

मशीन जागेवर गेलं. ते आजही आहे, फक्त सुरू करताना झाकणावर एक थाप मारावी लागते. इस्त्री दिवसा दुकानात बसली, संध्याकाळी कुरकुरणाऱ्या पंख्याखाली. बँकेची परीक्षा पहिल्यांदा नापास झाली, दुसऱ्यांदा पास. आता ती दुसऱ्या गावच्या शाखेत कर्ज विभागात अधिकारी आहे. सुट्टीला येते तेव्हा तिचा कोट बापाकडेच धुवायला पडतो, आणि बाप तिचेही खिसे तपासतो. मॅनेजरचे कोट नंतर बराच काळ त्याची बायकोच आणून देत असे.

गल्लीत अजून म्हणतात, नोकरी मॅनेजरनेच लावली, उगाच का बटण दिलं होतं.

मॅनेजरच्या त्या कोटाचा खिसा रिकामा होता. बटण तिने दुकानातल्या डब्यातून घेतलं. त्याने मास्टर्स कुठून केलं, एवढंच तिला विचारायचं होतं.