तारेवरच्या माणसाचा खुलासा

मी नववीपर्यंत शिकलेला अर्जलेखक आहे आणि ही गोष्ट मी कधी लपवत नाही, कारण पदवीधर माणसेसुद्धा आपले काम घेऊन शेवटी माझ्याच टेबलापुढे उभी राहतात. वसईत कचेरीच्या कुंपणाला लागून माझे टेबल आहे. वारसनोंद, जातीचा दाखला, सोसायटीची तक्रार, नोकरीतला खुलासा, असा एकही विषय नाही की ज्यावर माझी लेखणी चालली नाही. अर्ज कुठून सुरू करावा आणि साहेबाचे मन कोणत्या ओळीवर मऊ होते, हे मला कोणी शिकवावे अशी वेळ आलेली नव्हती. एका शुक्रवारी ती आली. त्या दिवशी बसलेला हादरा आजही आठवला की हातातले पेन खाली ठेवावे लागते.

त्याची सुरुवात पंधरा दिवस आधी झाली होती. फुलपाड्यात राहणारा एक चाळिशीतला गृहस्थ प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये एक नोटीस घेऊन माझ्याकडे आला. लोकल गाड्यांना ज्या उघड्या तारांतून वीज मिळते, त्या तारांची दुरुस्ती करण्याचे त्याचे काम. सहा माणसांच्या गँगचा तो प्रमुख होता.

"वकीलसाहेब, खुलासा लिहायचाय," तो म्हणाला. "सात दिवसांत द्यायचाय. आज सहावा."

मला वकील म्हणणाऱ्याची चूक मी सहसा दुरुस्त करत नाही. मी नोटीस वाचली. रविवारी दुपारी वीज बंद करून तारेचे काम ठरलेले असताना या कर्मचाऱ्याने वर चढण्यास नकार दिला, इतरांनाही चढू दिले नाही, मिळालेली वेळ वाया गेली आणि गाड्या उशिरा धावल्या. तरी आज्ञाभंगाची कारवाई का करू नये, असा तिचा आशय होता.

"वीज बंद होती ना?" मी विचारले. "मग भीती कसली?"

त्याने माझ्याकडे असे पाहिले की मी खुर्चीत सावरून बसलो.

"घरचा मेन स्विच बंद केला की झालं, तसं नसतं हे. शेजारच्या लाईनीत पंचवीस हजार व्होल्ट चालूच असतात. तिची वीज आमच्या बंद तारेत उतरते. दिसत नाही, आवाज नाही. म्हणून कामाच्या दोन्ही बाजूंना एकेक दांडा लावतो. दांड्याचा आकडा वर तारेला, आणि त्याची तांब्याची केबल खाली रुळाला. जे काय उतरेल ते रुळातून जमिनीत जातं. दोन्ही दांडे डोळ्यांनी बघितल्याशिवाय आमच्यात कोणी शिडीला हात लावत नाही."

"मग त्या दिवशी?"

"एका दांड्याची केबल रुळाच्या चिमट्यापाशी काळी पट्टी गुंडाळलेली. ओढून बघितली तर आत सैल लागली. मी म्हटलं, दुसरा दांडा आणा, मग चढतो. आमचे सुपरवायझर म्हणाले, पट्टी मारलीय, चालतंय. मी रुळाशेजारी बसलो. पोरांना म्हटलं, बसा."

हकीकत स्वच्छ होती. तशीच लिहिली असती तर अर्ध्या पानात संपली असती. पण अर्ध्या पानाचा खुलासा हा माझ्या हाताला कमीपणा वाटला. मी माझ्या नेहमीच्या रीतीने सुरुवात केली: वरिष्ठांच्या आज्ञेचा माझ्याकडून अनवधानाने अवमान झाला, ही माझी चूक मला मान्य आहे, ती आपण थोर मनाने पोटात घालावी. त्याखाली दांड्याची हकीकत.

त्याने पहिल्या ओळीवर बोट ठेवले. "पण चूक झाली कुठं माझी?"

"झाली असे कोण म्हणते? ही लिहिण्याची पद्धत आहे. आधी वाकायचे, मग बोलायचे. तुम्ही तारेवर चढता तेव्हा मी शिकवायला येतो का?"

तो हसला. "तेही खरंच." आणि त्याने सही केली.

त्यानंतर तो आला तो त्या शुक्रवारी, पत्नीला घेऊन. ती चंदनसारला शिवणकाम करते. गळ्यात मोजपट्टी तशीच होती. तिने एक कागद माझ्यापुढे ठेवला.

"वाचा. मोठ्यानं वाचा. तुमचंच आहे यात अर्धं."

मी वाचू लागलो. कर्मचाऱ्याने आपल्या लेखी खुलाशात स्वतःची चूक मान्य केली असल्यामुळे चौकशीची आवश्यकता उरत नाही. त्यास गँगच्या प्रमुखपदावरून काढून भांडारात पाठवण्यात येत आहे. इथपर्यंत माझा आवाज ठीक होता. पुढची ओळ अशी होती: नकार ही चूक होती हे मान्य झाल्याने साधनाविषयीची तक्रार निकाली काढण्यात येत असून सदर दांडा पुन्हा वापरात घ्यावा.

मी ती ओळ परत वाचली. मग चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचली. समोर रिक्षावाले भांडत होते, त्यांची तोंडे हलताना दिसत होती, पण एकही शब्द माझ्यापर्यंत पोचत नव्हता.

"परवा रविवार आहे," तो म्हणाला. "गँग जाणार. माझ्या जागेवर माझाच जोडीदार चढणार. मी सुपरवायझरला सांगितलं, तर म्हणाले, तूच लिहून दिलंस ना, तुझी चूक होती म्हणून?"

"ती लिहिण्याची पद्धत…" मी म्हणालो. वाक्य पुरे झाले नाही.

"पद्धत तुमची," त्याची पत्नी म्हणाली, "आणि जीव दुसऱ्याचा. अक्षर मात्र सुंदर आहे हो. अगदी मोत्यासारखं."

आयुष्यात माझ्या अक्षराची पुष्कळ स्तुती झाली आहे. त्या दिवशीची ऐकून मी तो कागद उलटा करून ठेवला. मी कोणाला धक्का दिला नव्हता, तारेला हात लावला नव्हता. मी खुर्चीत बसून एक नम्र ओळ लिहिली होती, आणि त्या ओळीच्या आधाराने सैल केबलचा दांडा पुन्हा रुळावर निघाला होता.

मी कोरा कागद घेतला. आता जे लिहायचे होते ते माझ्या नावाने होते: पहिल्या खुलाशातील चुकीची कबुली ही माझी वाक्यरचना असून या कर्मचाऱ्याचे म्हणणे नव्हते. हे एकदा बाहेर फुटले तर माझ्या टेबलाशी कोण उभे राहील, हा विचार मनात आला, हे मी नाकारत नाही. पण हात थांबला तो वेगळ्याच कारणाने. माफी वगळली तर कागद सुरू कुठून करायचा, हेच मला सुचेना.

"मी सांगतो तसं लिहा," तो म्हणाला. "रविवारी दुपारी वीज बंद झाली. एक दांडा लावला. दुसऱ्याची केबल आत सैल होती. म्हणून चढलो नाही. बस."

मी तसेच लिहिले.

त्याच दुपारी आम्ही तिघे त्याच्या कार्यालयात गेलो. तिथल्या अधिकाऱ्यांनी कागद वाचून बाजूला सारला. "शिक्षा झाली की सगळ्यांना आठवतं, मी असं म्हटलंच नव्हतं."

मी पुढे झालो. "साहेब, ते वाक्य मी शेकडो अर्जांत लिहिले आहे. त्याला काहीच अर्थ नसतो."

"मग लिहिता कशाला?"

मी बाजूला सारलेला कागद पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला.

तेव्हा माझ्यामागे उभा असलेला तो गँगप्रमुख बोलला. "साहेब, खुलासा राहू द्या. माझी शिक्षा पण राहू द्या. दांडा मागवा आणि पट्टी सोडा. आत केबल चांगली निघाली तर आत्ता राजीनामा देतो."

त्याच्या पत्नीने मोजपट्टी मुठीत आवळली, पण ती त्याला आडवी आली नाही.

दांडा आला. शिपायाने ब्लेडने काळी पट्टी कापली. पट्टीखाली तांबे हिरवे पडले होते. अंगठ्याएवढ्या जाड केबलच्या तारा एकाच जागी तुटून पिंजारल्या होत्या. रुळाच्या चिमट्याला केसांसारख्या फक्त तीन तारा धरून होत्या. अधिकाऱ्यांनी चिमटा जरा वाकवला, तर त्याही निघाल्या आणि चिमटा टेबलावर पडला.

अधिकारी त्या चिमट्याकडे पाहत होते आणि त्यांच्या कपाळावर घाम आला होता. माझ्या डोळ्यांपुढे परवाचा दिवस उभा राहिला: कोणीतरी भला माणूस, डबा खाऊन, शिडीला हात घालत असलेला.

"बाकीचेही सोडून बघायला पाहिजेत," तो एवढेच म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचा लवलेश नव्हता.

त्या संध्याकाळी पट्टी मारलेला प्रत्येक दांडा बाहेर काढला गेला. आणखी एक खराब निघाला. रविवारी गँग नवे दांडे घेऊन गेली आणि काम करून परतली. बदलीचा आदेश मात्र रद्द झाला नाही. तो अधिकार वरचा, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. म्हणून तो अद्याप भांडारात आहे.

त्याचे अपील मीच लिहिले. पाऊण पान झाले. त्याने सही करण्यापूर्वी ते दोनदा वाचले. एकदा मनात, आणि एकदा मोठ्याने, शेजारी उभ्या असलेल्या पत्नीला शब्द न् शब्द ऐकू जाईल असे. मी मान खाली घालून ऐकत राहिलो. मग तिने होकाराची मान डोलावली, आणि त्याने माझ्याकडे पेन मागितले.