लांब दांडीचं सोवळं

चिंतामणराव दाबके अंबरनाथच्या एका कारखान्यात मालतपासनीस होते. आलेल्या मालात त्यांनी कधी खोट काढल्याचं निदान माझ्या तरी कानावर आलं नाही. सगळी चिकित्सा ते रविवारसाठी राखून ठेवत, आणि तीही आम्लेटसाठी. मी त्यांचा भिंतीपलीकडचा शेजारी. माझ्याही घरी अंड्याला बंदी होती, त्यामुळे त्यांच्या संशोधनाला माझा नैतिक पाठिंबा होता. बदल्यात अर्धं आम्लेट मिळायचं.

सुहासिनीवहिनींनी नवऱ्याला अंडं माफ केलं होतं, पण घरात नव्हे. मागच्या पडवीत शेगडी वेगळी, उलथणं वेगळं, तवा टांगायचा खिळासुद्धा वेगळा. "शिजवा, खा, पुसा आणि आंघोळ करूनच आत या," असा हुकूम होता. चिंतामणराव तो निमूटपणे पाळत. नोकरीत वरिष्ठांपुढे वाकायचा सराव असा घरी उपयोगी पडतो.

त्यांचा पहिला तवा अॅल्युमिनियमचा. पत्रा इतका पातळ की आम्लेट मधे कोळसा आणि कडेला कच्चं. दुसरा एनॅमलचा, निळ्या काठाचा, दिसायला अगदी साहेबी. त्याचा टवका उडाला आणि तो नेमका माझ्या अर्ध्यात निघाला. दोन्हींवर उलथणं घालावं तर आम्लेटची भुर्जी व्हायची, आणि चिंतामणराव गंभीरपणे म्हणायचे, "मला भुर्जीच करायची होती."

शेवटी उल्हासनगरच्या कॅम्पात एका सिंधी दुकानदाराकडे त्यांना हवा तो तवा मिळाला. पलटणीच्या मेसमधून सुटलेला, बिडाचा, काठ बाहेर कललेले आणि दांडी हातभर. "साईं, इसको साबुन मत दिखाना, सिर्फ तेल दिखाना," दुकानदारानं बजावलं. चिंतामणरावांनी लग्नात भटजींचंही इतकं ऐकलं नव्हतं. तेल लावायचं, तापवायचं, पुसायचं, पुन्हा तेल. तवा काळाभोर आणि गुळगुळीत झाला.

मग आम्लेट हवेत उलटायचा नाद लागला. सराव शिळ्या पोळीवर. पहिलं खरं आम्लेट कोळशाच्या पेटीत पडलं, ते आम्ही फुंकून खाल्लं. हळूहळू त्यातली गोम त्यांना कळली. आम्लेट वर फेकायचंच नाही. कडा सुटल्या की तवा पुढे ढकलायचा आणि मनगटानं चटकन मागे ओढायचा, की ते आपणहून कोलांटी घेतं. कांदा-बटाट्याचं जाड आम्लेट मात्र असं उडत नसे. ते झाकण ठेवून मंद निखाऱ्यावर शिजवायचं, वर ताट दाबून तवाच पालथा करायचा आणि ताटातून परत तव्यात सरकवायचं. त्याला ते 'बायकी रीत' म्हणत आणि दर वेळी हात भाजून घेत.

त्या वर्षी आषाढात कुळगावच्या घराची मागची भिंत पावसानं बसली आणि चिंतामणरावांच्या आई, मोतीबाई, काही न कळवता अंबरनाथला येऊन दाखल झाल्या. मुक्काम दसऱ्यापर्यंत. सोवळ्याच्या बाबतीत बाई अशी कडक की कुळगावातल्या भटजींनाही त्यांचा धाक. अंड्याचा वास जरी आला असता तरी तवा भंगारात गेला असता, आणि त्याच्यामागून आमचे रविवार.

पाय धुऊन त्या पडवीत आल्या आणि त्यांची नजर थेट खिळ्यावर गेली.

"हा तवा बाहेर का रे, चिंतू?"

"सोवळ्याचा आहे, आई. कुणी शिवू नये म्हणून."

मी भिंतीआडून ऐकत होतो आणि मनोमन हात जोडले. आपल्यात अति पवित्र भांडं आणि अति बाटलेलं भांडं, दोन्ही वेगळीच ठेवतात आणि दोन्हींना कुणी शिवत नाही. खिळ्याकडे बघून काय कळणार?

"आणि दांडी एवढी लांब?"

"लांबूनच सोवळं नीट सांभाळता येतं."

मोतीबाईंचे डोळे भरून आले. कारखान्याच्या गावात राहून पोरानं धर्म राखला! त्यांनी तवा उचलला आणि सोवळ्यात घेतला. वहिनींना खोकल्याची जी उबळ आली ती आवरेना.

त्या तव्यावर मोतीबाईंची घावनं उलथणं न लावताच सुटू लागली. "सोवळं कडक असलं की तवा चिकटत नाही," असं त्या आळीभर सांगत. आमची ही आमचा चिकटणारा तवा घेऊन त्यांचा सल्ला घ्यायला गेली. येताना माझ्यासाठी नवे नियम घेऊन आली.

गौरीच्या जेवणाच्या दिवशी विहिरीपाशी शेवाळावरून मोतीबाई घसरल्या आणि त्यांचं मनगट मुरगळलं. वहिनी अडचणीमुळे बाजूला बसलेल्या. घावन-घाटल्याचा नैवेद्य कोण करणार? चिंतामणरावांना सोवळ्याचा मुकटा नेसवून शेगडीपुढे बसवलं. मी फुलं द्यायला गेलो होतो, तो दारातच थांबलो.

पीठ पसरलं, कडा सुटल्या. मोतीबाई म्हणाल्या, "उलट आता." उलथणं शेजारीच होतं. पण हाताची सवय वाईट. तवा पुढे गेला, मनगट मागे आलं, घावनानं हवेत कोलांटी घेतली आणि ते अचूक तव्यात उतरलं.

मोतीबाईंनी घावनाकडे पाहिलं, मग त्या लांब दांडीकडे, मग मुलाकडे.

"हे कुठे शिकलास?"

"आपोआप येतं, आई."

"आपोआप," त्या म्हणाल्या. मला त्यांची खरंच दया आली. अर्धा चातुर्मास त्या तव्यावरचं खाऊन, आता गौरीपुढेही तेच ठेवायचं होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले, मग म्हणाल्या, "पुढचं घाल. नैवेद्याला उशीर होतोय."

त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. चिंतामणराव दसऱ्याकडे डोळे लावून बसले, आणि खरं सांगायचं तर मीही. निघायच्या दिवशी दाराशी टांगा आला. मोतीबाई आत बसल्या. मांडीवर जुन्या लुगड्यात काहीतरी बांधलेलं होतं, आणि त्यातून हातभर दांडी बाहेर आलेली.

"आई, तवा..." चिंतामणरावांनी दांडीकडे हात केला.

"माझ्यापाशीच असू दे," त्यांच्या डोळ्याला डोळा देत मोतीबाई म्हणाल्या. "तुझ्या घरी राहिला तर बाटेल हो एखाद्या रविवारी."

चिंतामणरावांनी वाकून नमस्कार केला. दुसरं काय करणार?