दोनदा घेतलेले ठसे

गेल्या वर्षी उरण तालुक्यातल्या एका शाळेतल्या मुलीच्या दहाही बोटांचे ठसे दोनदा घेतले गेले. एकदा जानेवारीत, ती दहावीत असताना, आणि एकदा जूनमध्ये, निकालानंतर. पहिल्या वेळी तिच्या नावावर चढलेले ठसे तिचे नव्हते. दुसऱ्या वेळी होते. जुलैत तिने अकरावीला कला शाखेत प्रवेश घेतला. तिला विज्ञान हवं होतं.

मी त्या शाळेत आठवड्यातून दोन दिवस जात असे. वर्तमानपत्रातली नोकरी सुटल्यावर समुपदेशनाचा अभ्यासक्रम केला होता. दहावीनंतर काय शिकता येतं, त्याला कोणते विषय लागतात, पुढे काम कुठे मिळतं, हे मुलांना सांगणं एवढंच माझं काम. काय व्हायचंय असं विचारलं की अर्धा वर्ग म्हणे, विमानतळावर. विमानतळावर काय म्हणून, ते कोणाला सांगता येत नसे. उरलेल्यांना कंटेनर यार्डात सुपरवायझर व्हायचं असे.

ही मुलगी म्हणाली, लॅबमध्ये. आईच्या हाताची जखम चिघळली तेव्हा ती तिच्याबरोबर उरणच्या एका दवाखान्यात गेली होती. तिथे रक्त तपासणाऱ्या बाईंनी तिला सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं होतं. त्या कामाला बारावी विज्ञान लागतं, जीवशास्त्र घेऊन, हे मी तिला सांगितलं. पुढच्या आठवड्यात तिने ते मला जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

जानेवारीतली चाचणी माझ्या कामात येत नव्हती. संस्थेच्या एका विश्वस्तांच्या ओळखीने एक कंपनी शाळेत आली. बोटांच्या ठशांवरून मेंदूचा जन्मजात कल कळतो आणि त्यावरून शाखा ठरवता येते, असा तिचा दावा होता. त्याला शास्त्रीय आधार नाही, हे मी मुख्याध्यापकांना सांगितलं.

"मला माहितीये, मॅडम," ते म्हणाले. "पण पालकांना आवडतं. तुम्ही तासभर बोलता, त्यातलं घरी काय जातं? हे रंगीत छापून जातं."

चाचणी शाळेच्या प्रयोगशाळेत झाली. कंपनीचा एक तरुण लॅपटॉप आणि ठसे घ्यायचं यंत्र मांडून बसला होता. मुलीचा नंबर आला तेव्हा यंत्र तिचं एकही बोट घेईना.

"हात धुतलेस का?"

"तीनदा."

"परत धू. साबण लाव."

मागून एक मुलगा म्हणाला, "सर, हिच्या बोटांना रेंजच नाय."

"कोळंबीने खाल्ली हिची बोटं," दुसरा म्हणाला.

"तुज्या घरच्या कालवणात मी सोललेलीच असते," मुलगी मागे न बघता म्हणाली. "गप खा."

तो तरुणही हसला. मग तिला बाजूला बसायला सांगून त्याने पुढचा नंबर घेतला. मधल्या सुट्टीपर्यंत मी तिथे होते.

कोळंबीची गोष्ट खरी होती. मुलीची आई बंदराजवळच्या एका शेडमध्ये कोळंबी सोलायला जात असे आणि शाळेआधी दोन तास मुलगीही जात असे. बर्फाचं पाणी आणि कोळंबीची कवचं यांनी बोटांची कातडी झिजते, रेषा जातात. रेशन दुकानातलं यंत्र आईचा अंगठा घेत नसे. घरचं धान्य वडील आणत.

फेब्रुवारीत अहवाल वाटले गेले. प्रत्येकाला एक रंगीत पुस्तिका, वर मेंदूचं चित्र. मुलीच्या पुस्तिकेत होतं: कला, योग्य. विज्ञान, टाळावे. तिने ती माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "मॅडम, माझी बोटं तर आलीच नव्हती."

शेजारी तिची मैत्रीण उभी होती. तिने सांगितलं, सुट्टीनंतर ठसे घेणाऱ्या सरांनी या मैत्रिणीलाच परत बोलावलं होतं. "बोलले, हिची फाइल रिकामी गेली तर मला ओरडा पडेल, तुझीच दे. मी दिली."

म्हणजे दोन्ही पुस्तिकांमधली बोटं एकाच मुलीची होती. मी मैत्रिणीची पुस्तिका मागवून घेतली. तिच्यात होतं: विज्ञान, उत्तम. कंपनीला फोन करून विचारलं, त्याच बोटांचे दोन निकाल कसे. प्रतिनिधीने दोन कारणं दिली: बोट दाबण्याचा जोर वेगळा असू शकतो, आणि दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी ऊर्जा वेगळी असते. दुसऱ्याच्या नावावर ठसे घेतल्याबद्दल त्याने माफी मागितली आणि फेरचाचणी फुकट करून देऊ असं सांगितलं. मी नको म्हटलं.

मैत्रिणीच्या घरी ती पुस्तिका कोणी उघडलीच नव्हती. तिने पुढे वाणिज्य घेतलं.

मुलीच्या घरी मात्र तिची पुस्तिका वाचली गेली होती. वडील जासईच्या एका यार्डात माल उतरवणाऱ्या टोळीचे मुकादम. मेमध्ये निकाल लागला. मुलीला एक्क्याऐंशी टक्के होते. प्रवेशाचं बोलायला ते शाळेत आले. मी दोन्ही पुस्तिका टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही वाचल्या, सावकाश.

"मॅडम, माझे भावाचे पोराने सायन्स घेतलं," ते म्हणाले. "बारावीला दोनदा बसला. आता घरात बसलाय. हसतो पन नाय. ते माझे पोरीचं नको."

"दादा, तिला एक्क्याऐंशी टक्के आहेत."

"त्याला पंच्याऐंशी होते."

मी म्हटलं, बोटांवरून हे कळत नाही, कोणाचंच नाही. त्यावर त्यांनी स्वतःचा अंगठा वर केला. "यार्डाच्या गेटवर हाच दाबतो, तवा हजेरी लागते. रेशन याच्यावर मिळतं. आमचे बापाला सही येत नव्हती. अंगठा दिला आनि जमीन गेली. तवा कोनी नाय बोलला, अंगठ्यावरून काय कळतं."

त्यांनी अंगठा खाली घेतला. मग ते म्हणाले, "तुमी बोलता ही बोटं तिची नाय. बरोबर हाय. मग तिची घ्या. त्यात सायन्स आलं, तर मी सायन्सला घालतो. शब्द देतो."

मुलगी दाराशी उभी होती. ती म्हणाली, "घ्या मॅडम. मी देते."

मी मुख्याध्यापकांमार्फत कंपनीला कळवलं.

जूनमध्ये मासेमारी बंद असते. शेडही बंद होती. तीन आठवड्यांत मुलीच्या बोटांची कातडी भरून आली. त्यासाठी ती रोज रात्री खोबरेल लावत होती आणि आई तिला भांडी घासू देत नव्हती, असं तिने सांगितलं. फेरचाचणीला कंपनीकडून एक तरुणी आली. या वेळी मी शेवटपर्यंत खोलीत होते. दहाही बोटं पहिल्या झटक्यात आली. मुलगी लॅपटॉपच्या पडद्याकडे वाकली.

"माझ्या रेषा अशा आहेत?"

"गोल आहेत बघ. छान आहेत," ती तरुणी म्हणाली.

मुलीने प्रत्येक बोट पडद्याशी लावून पाहिलं.

आठवड्याने पुस्तिका आली. मेंदूचं चित्र तेच होतं. कला, योग्य. वाणिज्य, चालेल. विज्ञान, टाळावे.

वडील दुसऱ्या दिवशी शाळेत आले. त्यांच्या बोलण्यात विजय नव्हता. मी पुन्हा मेमधलंच सांगितलं: एकाच मुलीच्या बोटांवरून दोन वेगळे निकाल आले होते, म्हणजे ही चाचणीच निरर्थक आहे, बोटं कोणाचीही असोत.

"मग तवा बोटं दुसऱ्याची हायत म्हनून भांडलात कशाला?" ते म्हणाले. "मी दुसऱ्यांदा घ्या बोललो, तवा नको का नाय बोललात?"

मी म्हटलं, तुम्ही शब्द दिला होता म्हणून.

"मी शब्द पाळतोय मॅडम. त्यात सायन्स नाय आलं."

मुख्याध्यापकांनी त्यांना चहा दिला. एका कागदावर विज्ञान शाखा असलेल्या जवळच्या कॉलेजांची नावं लिहून दिली. त्यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला.

मुलगी दाखला न्यायला आली तेव्हा मी तिला विचारलं, आईशी बोलू का? ती म्हणाली, आई पपांसमोर बोलत नाही. मग म्हणाली, "पहिल्या वेळी मी घरी बोलत होते, ही माझी बोटंच नाहीत. रोज बोलत होते. आता काय बोलू?"

बारावी कला झाल्यावरही काही अभ्यासक्रम करता येतात, ते मी तिला सांगितले. लॅबचा त्यांत नव्हता. तिने विचारलं, तेवढं खात्रीने सांगा, नाहीच का? मी सांगितलं, नाही.

प्रवेशाचा अर्ज वडिलांनी यार्डाजवळच्या एका दुकानातून ऑनलाइन भरला. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं.

त्या दिवसांत बोटं भरलेली होती म्हणून जुलैचं रेशन मुलीच्या अंगठ्यावर आलं. वडिलांना त्यासाठी यार्डातून अर्धा दिवस काढावा लागला नाही. ऑगस्टमध्ये होड्या समुद्रात गेल्या आणि शेड सुरू झाली. कॉलेज दुपारचं होतं. ती आईबरोबर सकाळी चार तास जाऊ लागली.

शाळेने पुढच्या वर्षासाठी त्याच कंपनीशी बोलणी केली. मी त्या सत्राअखेर तिथलं काम सोडलं. त्याआधी, सप्टेंबरमध्ये, मुलीचा फोन आला, तिला धाकट्या बहिणीसाठी दहावीच्या जुन्या प्रश्नपत्रिका हव्या होत्या. तिने सांगितलं, त्या महिन्यात रेशन दुकानातल्या यंत्राने तिचा अंगठा घेतला नाही. धान्य वडिलांच्या अंगठ्यावर मिळालं.