पांढरं पाकीट आधी आलं

च्वा बून हुआतने आयुष्यभर बस चालवली आणि कविता लिहायला घेतली ती निवृत्तीनंतर. सिंगापुरात दर एप्रिलमध्ये फोनवरच्या एका गटात रोज सकाळी विषय पडे आणि झोपायच्या आत त्यावर कविता टाकायची असे. कधी मासळीबाजार, कधी हरवलेली छत्री. त्याची इंग्रजी कामापुरतीच, पण त्याने एकही दिवस कधी चुकवला नव्हता. बायको सिऊ एंगला इंग्रजी वाचता येत नसे. "गाडी वेळेवर सोडायची खोड जात नाही मेल्याची," ती म्हणायची.

त्या वर्षी फेब्रुवारीत डॉक्टरांनी बून हुआतला आणि मुलाला बाजूला घेतलं. सिऊ एंगच्या पोटातला कर्करोग यकृतात पसरला होता. पर्थला परत जाताना मुलगा म्हणाला, "पा, आईला कळू देऊ नका. हातपाय गाळेल ती." त्यांच्यात ही रीतच होती, बून हुआतने आपल्या वडिलांनाही शेवटपर्यंत असंच फसवलं होतं. त्याने बायकोला अल्सर सांगितला. तिचा बहिणीशी कित्येक वर्षांचा अबोला होता आणि मलेशियात मुआरला बहिणीच्या घरी जाऊन तिला तो मोडायचा होता. "बरी झालीस की जाऊ," तो म्हणे.

घरात गिळलेलं खरं कवितेत बाहेर पडू लागलं. एप्रिल निम्मा सरला आणि विषय आला : ज्याला आता फोन लागत नाही, त्याच्याशी बोला. त्याने सिऊ एंगचं नाव घेऊन लिहिलं. दाराशी तिच्या चपला आहेत, तिचा वाडगा मी पालथा घातलाय, असं. कवितेखाली खुलासा करायचा नाही, हा गटाचा नियम होता. त्याने तो पाळला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो खालून तिच्यासाठी पेज घेऊन आला, तर दार उघडं. दारात गटातली पुष्पवल्ली उभी होती, समोरच्या इमारतीतली निवृत्त शिक्षिका.

"तुम्ही सिऊ एंगच्या बहीण का?" ती हलक्या आवाजात मलयमध्ये विचारत होती. "कविता वाचून मला रडूच आलं हो. कधी गेल्या?"

सिऊ एंगच्या हातात पांढरं पाकीट होतं. तसलं पाकीट, आत पैसे घालून, मयताच्याच घरी देतात.

"काल," सिऊ एंग म्हणाली. "बसा ना. चहा टाकते."

मग तिला नवरा दिसला. पुष्पवल्लीनेही वळून पाहिलं.

"ही माझी बायको," बून हुआत म्हणाला.

पुष्पवल्लीने तोंडावर हात ठेवला आणि ती जिना उतरून गेली.

"वाच," सिऊ एंग म्हणाली.

"कुठली?"

"जिच्यात मी मेलेय ती."

तो एकेक ओळ त्यांच्या घरच्या हॉकियन बोलीत सांगत गेला. ती ऐकत होती. "वाडगा आधी पुसायचा, मग पालथा घालायचा. नाहीतर वास मारतो," ती म्हणाली. मग थांबून म्हणाली, "किती दिवस?"

"जूनपर्यंत. कदाचित."

"तुला कधी कळलं?"

"फेब्रुवारीत."

"सगळ्या गावाला सांगितलंस आणि मढ्यालाच सांगायचं राहिलं." तिचा आवाज चढला नाही. "फेब्रुवारीत मी बाजारात चालत जात होते, म्हाताऱ्या. मुआरची बस मला झेपली असती."

डॉक्टर नको म्हणाले, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मुआरला जायला गाडी ठरवली. सिऊ एंगने चांगला ब्लाउज घातला. लिफ्टपाशी पोचली आणि भिंतीला धरून खाली बसली. पाणीसुद्धा उलटून पडलं.

"बहिणीला फोन लावू?" घरी आल्यावर त्याने विचारलं.

"फोनवर नको. तिच्या दारात उभं राहायचं होतं मला."

पाकीट परत करावं म्हणून त्याने ते खिशात घातलं.

"ठेव तिथेच," ती डोळे मिटून म्हणाली. "लागेलच तुला."

फोन वाजला. दिवसाचा विषय आला होता. बून हुआतने तो उघडला नाही. खाली बसून तो तिच्या पायातल्या चपला काढू लागला.