रत्नम्माची बोरमाळ आणि वीरण्णाची मिशी

…तर काल आपण मिशीवर थांबलो होतो. मिशी कसली, दोन खारी समोरासमोर झोपल्यात असं वाटायचं! वीरण्णाची ती मिशी बघूनच मी फसलो, हे आधी कबूल करतो. त्या नवराबायकोला रत्नम्माच्या खानावळीत नेलं ते मीच.

लातूर जिल्हा होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. मी, शेषेराव, चौथी पास, नव्या कचेरीत शिपाई. पावसानं दगा दिलेला, गल्लोगल्ली टँकरची वाट बघत घागरी रांगेत बसलेल्या, आणि बसस्टँडवर रोज नवी माणसं उतरायची. कोण कुठला, कुणाला पत्ता नाही. वीरण्णा आणि त्याची बायको नीलाबाई आठवडाभर आमच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून असायची. एकदा साहेब गाडीतून उतरले तर वीरण्णा पुढं होऊन काहीतरी बोलला आणि साहेबांनी हसून मनगट वर केलं. मी म्हटलं, लई वजनदार असामी हाय ही! पुढं कळलं, त्यानं फक्त किती वाजले ते विचारलं होतं.

खानावळ बसस्टँडच्या मागं. रत्नम्मा लिंगायताची, नवरा लवकर गेलेला. बाहत्तरच्या दुष्काळात सात वर्षांच्या शिवकांताला बाभळीखाली बसवून तिनं रस्त्याच्या कामावर खडी फोडली. गाठोड्यात आईची सोन्याची बोरमाळ होती. लोक म्हणायचे, मोड की ती. ही म्हणायची, "ती शिवकांताच्या गळ्यात पडायची हाय. मोडली तर लेकीला काय, खडी घालू गळ्यात?" मोडली नाही. पुढं लातुरात येऊन खानावळ काढली. माणूस भाकरी कशी मोडतो त्यावरून त्याचं गाव सांगायची. नायगावचा, उमरीचा, लोह्याचा. दहांत आठ वेळा बरोबर.

पण या दोघांचं तिलाही उमगलं नाही. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, जेवायच्या आधी ते डाव्या तळहातावर घेऊन डोळे मिटायचे. कानडी तर अशी की रत्नम्मा चुलीपुढनंच हरखून ओरडायची, "बर्री अक्का, बर्री!", म्हणजे या अक्का, या! आम्ही बिदरकडचे, म्हणाले. मुलगा नव्या जिल्ह्यात कारकून लागणार, ऑर्डर निघाल्यातच जमा. चौथ्या दिवशी नीलाबाईनं शिवकांताची वेणी हातात घेतली आणि रडायलाच लागली. "आमची गेलेली लेक अस्सीच होती ओ. द्यायचं-घ्यायचं काही नको. पोरगी तेवढी द्या."

रत्नम्मा त्या दिवशी दोनदा मीठ घालून गेली आमटीत. मी ती आमटी दोन वाट्या प्यालो. स्थळ मी आणलेलं ना!

रविवारी दुपारी वीरण्णा हातात कार्ड घेऊन आला. कोपरा फाडलेलं, म्हणजे मयताचं. असं कार्ड आलं की वाचायच्या आधीच माणूस खाली बसतो. नीलाबाईनं तर दारातच गळा काढला.

"थोरला भाऊ गेला," वीरण्णा म्हणाला. मिशी थरथरत होती. "आम्हाला आत्ताच निघावं लागतं. सुतक हाय, आता साखरपुडा होत नाही. पण रत्नम्मा, माझी आई दोन्ही डोळ्यांनी आंधळी. थोरला गेल्यावर ती काय बारा दिवस काढत नाही. नातसून आणली असती, पण सुतकाच्या घरात पोरीला कसं न्यायचं? तिचा एखादा दागिना तरी म्हातारीच्या हाताला लागू द्या. चाचपून बघंल, सुखानं डोळे मिटंल. तेराव्याला आम्ही परत आणून देतो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "दे रत्नम्मा. सुतक कुणाला चुकलंय?"

रत्नम्मा उठली, आत गेली. ट्रंक उघडल्याचा आवाज झाला. बोरमाळेची डबी हातात घेऊन बाहेर आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"सुतक किती दिसांचं म्हणलात?"

"दहा दिवसांचं. रीतच हाय ती."

"हाव. रीत तर पाळावीच लागती." तिनं डबी कमरेला खोचली. "मग सुतकातल्या माणसाच्या हाती लेकीचं सोनं कसं द्यावं? आणि भाऊ गेला तुमचा, अजून मिशी कशी ठेवली ओ? शिवकांता, दगडोबाला हाक मार गं."

दगडोबा न्हावी समोरच बसायचा. वस्तरा घेऊनच आला. वीरण्णा म्हणाला, "बिदरला गेल्यावर…" रत्नम्मा म्हणाली, "छे छे, पाहुण्याला अस्सं कसं जाऊ द्यू?" नको म्हणावं तर रीत खोटी, रीत खोटी तर भाऊ खोटा. बसला बिचारा. दगडोबानं पाणी मागितलं.

"टँकर परवा आला नाही," रत्नम्मा म्हणाली. "प्यायला न्हाई, भादरायला कुठलं? कोरडीच कर."

अरारारा! पहिल्या खारीला वीरण्णानं दात खाल्ले. दुसरीला त्याच्या डोळ्यांतून खरंखुरं पाणी आलं, आठवडाभरात पहिल्यांदा. नीलाबाईनं नवऱ्याकडं बघितलं, आणि देवाची शपथ, तिला हसू फुटलं. पदर तोंडात कोंबला तरी खांदे हलत होते.

मग रत्नम्मानं दोघांना ताटं वाढली. भाकरी, अळणी पिठलं. "सुतकाचं अळणीच खावं," म्हणाली. दोघांनी मान वर न करता पाच भाकरी संपवल्या, हात झटकले आणि बसस्टँडकडं जे गेले ते गेलेच. मी मात्र चिडलो. दुःखात असलेल्या माणसाची अशी दशा!

"अवो शेषेरावदादा," रत्नम्मा म्हणाली, "सुतक तुमच्यात. आमच्यात मेलेलं माणूस शिवाला मिळतं, मग विटाळ कसला? अंगावर लिंग बाळगणारा सुतक पाळतो व्हय? जितेपणीचं सगळं शिकून आले, मरणाचं शिकायचं राहिलं त्यांचं."

मी कपाळावर हात मारला. चौथी पासाला एवढंच येतं.

दोन वर्षांनी उदगीरच्या शरणप्पाशी शिवकांताचं लग्न झालं. मांडवात तिच्या गळ्यात बोरमाळ लखलखत होती, आणि रत्नम्मा कुणी बघत नाही असं बघून ती सारखी सरळ करत होती. वाढप उरकल्यावर मी तिला गाठलं. म्हटलं, "दोन वर्षं पोटात ठेवलंय, आज विचारतो. सुतकाचं नाव निघालं तेव्हाच तुला कळलं होतं. मग त्याच घडीला हाकललं का नाहीस? वर जेवू कशाला घातलंस?"

रत्नम्मानं पदरानं घाम पुसला आणि म्हणाली, "नुसतं हाकललं असतं तर पल्याडच्या गल्लीत गेले असते ना ओ, तिथंबी कुणाची तरी शिवकांता असलच की. मिशी यायला दोन-तीन महिने तरी लागत्यात, तेवढ्या गल्ल्या वाचल्या. आन् जेवणाचं म्हणाल तर दादा, भाऊ खोटा होता, म्हातारी खोटी होती, पर भाकरी कशी मोडत होते बघितलं न्हाई का तुम्ही? भूक खरी होती त्यांची."