भाऊसाहेबांच्या कारकिर्दीतला मी

जिना धुतल्याचा आवाज मला वरच्या मजल्यावर ऐकू येत होता. बादली आदळायची, पाणी पायऱ्यांवरून खाली जायचं, मग खराटा. मी भाऊसाहेबांसमोर उभा होतो आणि माझ्या हातात त्यांचं भाषण होतं. सहा पानं, इंग्रजीत, मीच टाइप केलेली. विषय अस्पृश्यता.

मी पुढच्या जिन्याने वर आलो होतो. गुन्हा एवढाच. मागचं दार आतून बंद राहिलं होतं, भाऊसाहेबांना विधानसभेत जायची घाई होती आणि पानं माझ्याकडे होती. वहिनीसाहेबांनी, भाऊसाहेबांच्या बायकोने, मला अर्ध्या जिन्यात पाहिलं. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. मोलकरणीला बंगालीत हाक मारली आणि जिना धुवायला सांगितला. मी अजून शेवटच्या पायरीवर होतो.

खाली अंगणात माझी आई होती. बादली आणि झाडू घेऊन. तिने मान वर केली, काय झालं ते तिला लगेच कळलं आणि तिने हात जोडले.

"लेकराचं चुकलं, बाईसाहेब. पुन्हा नाही येणार तो तिकडून."

"अगं, तुझ्यावर राग नाही गं," वहिनीसाहेब म्हणाल्या. "पण घरात देव आहेत ना."

भाऊसाहेबांनी हे सगळं ऐकलं. बहिरे नव्हते ते. त्यांनी पानं चाळली आणि म्हणाले, "चौथ्या पानावर एक स्वल्पविराम राहिलाय."

मी मागच्या खोलीत जाऊन स्वल्पविराम घातला.

त्या खोलीबद्दल सांगितलं पाहिजे. कलकत्त्याच्या जुन्या घरांना मागच्या बाजूला एक गोल लोखंडी जिना असतो. संडास साफ करणाऱ्याने घरात पाऊल न ठेवता वर यावं, घाण काढावी आणि तसंच खाली जावं, यासाठी तो बांधलेला. भवानीपूरच्या त्या घराला तसा जिना होता. माझी आई तो रोज चढायची. आणि मी, आमदारसाहेबांचा टायपिस्ट, मीही तोच चढायचो. संडासाला लागून अडगळीची खोली होती, तिच्यात माझं मशीन. खिडकी उघडली की वास यायचा, बंद केली की जीव गुदमरायचा. मी बंद ठेवायचो.

माझा बाप नागपूरकडचा. रेल्वेने कलकत्त्याला आला आणि खिदिरपूरच्या गोदीत हमालीला लागला. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी पेटी अंगावर पडून मेला. वस्तीतल्या कोणीतरी आईला सांगितलं, भवानीपूरला मराठी लोकांचं मोठं घर आहे. आई हरखली. परमुलखात आपली भाषा बोलणारी माणसं, ती काही अंतर देणार नाहीत, असं तिला वाटलं. त्यांनी तिची चौकशी आपुलकीने केली. गाव विचारलं, जिल्हा विचारला, जात विचारली. आणि संडासाचं काम दिलं.

आमच्यात हे काम कोणी केलेलं नाही. गावकीची हलकी कामं केली, मेलेली ढोरं ओढली, उपाशी झोपलो, पण हे नाही. आईने ते केलं आणि माहेरी कधी कळू दिलं नाही. मामाला पत्र मीच लिहायचो. ती सांगायची, "लिही, मराठी घरी कामाले आहे." मी तसंच लिहायचो.

भाऊसाहेब कलकत्त्यातच जन्मलेले, तिसरी पिढी. वकील. सणासुदीला मराठी, मुलांशी बंगाली, अशिलांशी इंग्रजी. माझ्या टायपिंगच्या वर्गाचा खर्च त्यांनी केला. हे मी नाकारत नाही. नाकारायची सोयच नव्हती, ते आठवड्याला एकदा तरी आठवण करून द्यायचे. पहिली निवडणूक आली तेव्हा ते गोदीच्या भागातून उभे राहिले. वस्ती-वस्तीतून त्यांना फिरवणारा मीच. दारोदार सांगत होतो, हा माणूस आपला आहे. बायका चहा पुढे करायच्या. भाऊसाहेब छातीला हात लावून म्हणायचे, "डॉक्टरांनी बाहेरचं बंद केलंय," आणि गाडीतला थर्मास मागवायचे. लोकांना खरं वाटायचं. मलाही. भाबडेपणाला औषध नसतं.

ते निवडून आले. आणि जिना धुतला त्याच दिवशी दुपारी मी विधानसभेच्या गॅलरीत बसून त्यांचं भाषण ऐकत होतो. पास त्यांनीच दिला होता.

भाषण चांगलं चाललं होतं. माझ्या सहा पानांप्रमाणे. मग त्यांनी पानं खाली ठेवली, चष्मा काढला आणि आवाज हळू केला. म्हणाले, "माझ्या घरी संडास साफ करणाऱ्या बाईचा मुलगा आज माझ्या शेजारी बसून माझं काम करतो. माझ्या घराने अस्पृश्यता कधीच गाडून टाकली."

हे माझ्या पानांत नव्हतं. हे त्यांनी उभ्या उभ्या घातलं. सभागृहाने बाकं वाजवली.

आणि मला काय वाटलं? मला अभिमान वाटला. सकाळी माझ्या मागे पाणी ओतलं होतं, आईने माझ्यासाठी हात जोडले होते, आणि दुपारी मी गॅलरीत ताठ बसून इकडेतिकडे बघत होतो, तो मुलगा मीच, हे कोणाला कळतंय का म्हणून. आज हे लिहिताना मला भाऊसाहेबांची येते त्याहून जास्त किळस माझी येते.

याहून वाईट पुढे आहे. सभागृहात बोललेलं लघुलेखक उतरवून घेतात आणि त्याची प्रत सभासदाकडे दुरुस्तीला येते. सभासदाने तपासून परत धाडली की ते छापतात, मग ते कायमचं. भाऊसाहेब ती प्रत कधी वाचत नसत. मी वाचायचो. त्या वाक्यात लघुलेखकाची गफलत झाली होती. "शेजारी बसून" हे शब्द सुटले होते. वाक्य नुसतंच, मुलगा माझं काम करतो, एवढं राहिलं होतं. म्हणजे खरं झालं होतं. मी पेन घेतला आणि सुटलेले शब्द भरले. माझ्या हाताने, वळणदार अक्षरात. मला वाटलं, मी माझं काम चोख करतोय.

वर्तमानपत्रात ते छापून आलं. भाऊसाहेबांनी कात्रण मला बक्षीस दिल्यासारखं दिलं. घरी मी ते आईला मराठीत सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिने एवढंच विचारलं, "शेजारी कधी बसला बा तू?"

मी म्हटलं, "भाषणात असं म्हणतात."

ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

तरी मी पाच वर्षं तिथे राहिलो. पोट होतं, दुसरं काही नव्हतं. दिल्लीहून कोणी आलं, कोणी गोरा पाहुणा आला, की मागच्या खोलीत निरोप यायचा. मी दिवाणखान्याच्या दारात जाऊन उभा राहायचो. भाऊसाहेब म्हणायचे, "हाच तो." पाहुणा मान हलवायचा. मी परत जायचो. मुनिसिपालिटीच्या सभेत हाच तो, शाळेच्या बक्षीस समारंभात हाच तो. त्या पाच वर्षांत वस्तीतला एक नळ आला नाही, गोदीतल्या हमालांचा एक प्रश्न त्यांनी विचारला नाही. पण माझं वाक्य त्यांनी निदान वीस ठिकाणी वापरलं. मामाचं नागपूरहून पत्र आलं, की आम्ही बुद्धाची दीक्षा घेतली, घरातले देव नदीत सोडले, आता मान खाली घालायची नाही. मी ते पत्र त्या खोलीत, त्या वासात वाचलं.

दुसऱ्या निवडणुकीत भाऊसाहेब आपटले. गोदीवाल्यांनी सपशेल पाडलं. "लोक कृतघ्न असतात," ते महिनाभर म्हणत होते. घरात सुतक पडल्यासारखं झालं होतं. मग कोणीतरी त्यांना विधान परिषदेची वाट दाखवली. तिथे लोकांची मतं लागत नाहीत, वरच्यांची मर्जी लागते. मर्जीसाठी एक पुस्तिका काढायची ठरली. माजी आमदाराची कारकीर्द, फोटोंसकट. शेवटच्या पानावर मी आणि माझी आई.

एका सकाळी त्यांनी मला समोर बसवलं, म्हणजे उभं केलं, आणि माझं मनोगत मलाच सांगायला लागले.

"लिही. मी भाऊसाहेबांच्या घरात मुलासारखा वाढलो."

मी पेन्सिल थांबवली.

"लिही ना. मी म्हणजे तू. या घरात मला आणि माझ्या आईला कधीही वेगळं मानलं गेलं नाही."

मी लिहून घेतलं, टाइप केलं. खाली सहीला जागा सोडली. टेबलावर दुसरा एक कागद होता, तो त्यांनी बोटाने माझ्याकडे सरकवला आणि परत ओढून घेतला. पोर्टाच्या ऑफिसात कारकुनाच्या कायम नोकरीसाठी शिफारस. आईचे गुडघे गेले होते. तो जिना तिला आता दोन ठिकाणी थांबल्याशिवाय चढवत नव्हता. ती नोकरी मिळाली तर ती त्या कामातून सुटणार होती. हे भाऊसाहेबांना माहीत होतं. म्हणूनच तर तो कागद तिथे होता.

फोटोच्या दिवशी आम्ही पुढच्या जिन्याने गेलो. वहिनीसाहेबांनी आईला आपलं जुनं लुगडं दिलं होतं. दिवाणखान्यात खुर्च्या मांडलेल्या, भाऊसाहेब मधे, त्यांच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला आई. आई खुर्चीच्या कडेवर बसली, जेमतेम चार बोटं. सगळ्यांच्या हातात चहाचा कप द्यायचा होता. घरची माणसं आणि नोकर एकत्र चहा घेताहेत, असा फोटो.

भाऊसाहेबांची मुलगी ट्रे घेऊन आली. वहिनीसाहेब तिच्या कानाशी म्हणाल्या, पण मला ऐकू गेलं. "त्या दोघांना रिकामेच दे. नाहीतर सेट मोडायचा."

म्हणजे आम्ही ओठ लावलेले दोन कप फेकावे लागले असते. बारातले दहा उरले असते.

माझ्या हातात रिकामा कप आला. आईच्या हातात आला. तिला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत या घरात पहिल्यांदा तिच्यासमोर चिनी मातीचा कप आला होता. तिने तो दोन्ही हातांनी धरला, तोंडाला लावला, आणि मग आत पाहिलं. मला वाटलं ती कप खाली ठेवील. नाही ठेवला. कोणाची पंचाईत व्हायला नको म्हणून तिने तो तसाच ओठांशी धरला आणि पिण्याचं सोंग केलं. एक घोट गिळल्यासारखा गळाही हलवला.

"एकटु हाशुन," फोटोवाला काळ्या कापडात डोकं घालून म्हणाला. जरा हसा.

मी उठलो.

"आई, ऊठ."

"काय झालं?" भाऊसाहेबांनी कॅमेऱ्याकडे बघतच विचारलं. "चहा हवाय का? सांगायचंस ना. देतील की."

"चहा नको. त्या मनोगतावर माझी सही पण मिळणार नाही."

आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "शुद्धीवर आहेस का? तुझं नोकरीचं पत्र माझ्या टेबलावर आहे."

"तिथंच राहू द्या."

"अरे, तुझ्यासाठी मी काय करायचं ठेवलं?"

आई माझी बाही ओढत होती. "बस ना रे. एक फोटूच तं आहे. तुह्या नोकरीचं आहे." तिच्या डोळ्यात पाणी आलं होतं. मी तिला म्हटलं, "रिकामा आहे तो, आई. तुला मुद्दाम रिकामा दिला."

"मले का दिसत नाही?" ती म्हणाली.

आई उठली. गुडघ्यावर हात दाबून, हळूहळू. मला वाटलं आता ती माझी समजूत घालणार, भाऊसाहेबांच्या पाया पडणार. तिने कप खुर्चीवर ठेवला आणि वहिनीसाहेबांना म्हणाली, "उद्यापासून दुसरी बाई पाहा."

पुस्तिका निघाली. आमच्या फोटोशिवाय. माझं मनोगत मात्र छापलं, सही नव्हती म्हणून खाली "घरातील एक हरिजन तरुण" एवढंच. मी विधानसभेच्या सचिवांना लिहिलं, की माझ्याबद्दलचं ते वाक्य खोटं आहे, ते काढा. उत्तर आलं, की सभासदाने मजकूर स्वतः तपासून मान्य केला आहे, बदल करता येत नाही. तपासणाऱ्याचं अक्षर माझं होतं. हे मी कोणाला सांगणार?

आता मी कोर्टासमोरच्या फुटपाथवर भाड्याचं मशीन घेऊन बसतो. लोकांची प्रतिज्ञापत्रं टाइप करतो. घर हरवलेले, जन्मतारीख चुकलेले, नाव बदलायचं असलेले लोक येतात. आई घरी असते. काही दिवस आम्ही एकवेळ जेवतो. वाईट दिवस आहेत, गोड करून सांगणार नाही.

एक दिवस गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी माझं स्वतःचं प्रतिज्ञापत्र टाइप केलं. मी त्या माणसाच्या शेजारी बसून कधीही काम केलं नाही. त्याच्या घरात माझ्या पावलांमागे पाणी ओतलं गेलं. भाषणातले ते शब्द मी माझ्या हाताने भरले, तोही माझा गुन्हा. खाली सही केली, पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. कार्बन घालून प्रती काढल्या आणि ज्यांची मर्जी लागते त्या प्रत्येकाला टपालाने धाडल्या.

चार दिवसांनी भाऊसाहेबांचा जावई फुटपाथवर आला. माझ्यासमोरच्या स्टुलावर बसेना, उभाच राहिला. म्हणाला, "एवढं काय त्यात? तुझ्याबद्दल वाईट तर काही लिहिलं नव्हतं."

नव्हतं. चांगलंच लिहिलं होतं.

मी त्याला सांगितलं, तुमचे सासरे जिथे जिथे माझ्यावर उभं राहून मोठे होतील तिथे तिथे हा कागद पोचेल. परिषदेत, सभेत, त्यांच्या गौरवसमारंभात, ते गेले तर शोकसभेतसुद्धा. मला कोणी उद्धरलेलं नाही. मला पुरावा म्हणून ज्याला उभं करायचं असेल त्याने खुशाल करावं, पण साक्ष मी देणार, आणि ती त्याच्या विरुद्ध जाणार.

तो निघून गेला. मी मशीनमध्ये नवा कागद घातला.