लंडनच्या पायऱ्यांवर शेंगदाण्याची चटणी

आमच्या नांदुऱ्यातले एक कापसाचे दलाल बाबांचे मित्र आहेत. मी त्यांना काका म्हणते. समोर कोणीही असो, ते वऱ्हाडीतच बोलतात, आणि मोठ्यानेच. बाबांच्या कामासाठी आम्ही तिघं लंडनला गेलो, तिथेही तसंच. बाबा कामात असल्यामुळे चित्रसंग्रहालयात ते माझ्यासोबत आले आणि चित्रात कुठेही शेत दिसलं की म्हणू लागले, "वावर कोरडवाहू दिसते बाप्पा!"

मला एकच चित्र पाहायचं होतं, शाळेच्या पुस्तकात काळंपांढरं पाहिलेलं. त्या दालनाला नेमकं कुलूप होतं. "आज बंद, उद्या या," रखवालदार म्हणाला. उद्या तर आमचं विमान होतं. मी नुसती मान हलवली आणि परत फिरले.

बाहेर पायऱ्यांवर बसून आम्ही पाव आणि घरची शेंगदाण्याची चटणी काढली. तेवढ्यात तोच रखवालदार आपला डबा घेऊन शेजारी येऊन बसला. शेजारच्याला दिल्याशिवाय काका आगगाडीतसुद्धा घास घेत नाहीत. त्यांनी चटणी लावलेला पाव त्याच्या हातावर ठेवला. "घ्या भाऊ, लाजता काऊन?"

त्याला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि हसत हसत त्याने आणखी मागितली.

"आता सांग त्याले, उद्या चाललो आपण," काका म्हणाले. मी धीर करून सांगितलं. त्याने हात पुसले आणि किल्ल्या काढल्या.

ते चित्र निळं होतं! इतकं निळं! मी रखवालदाराला इंग्रजीत आणि काकांना मराठीत काहीबाही सांगतच सुटले.

काका त्याला म्हणाले, "भाऊ, हे पोरगी नांदुऱ्यात तोंडच उघडत नाही."